रथोत्सव समित्यांना खुले पत्र: आधी मोगरीवाल्यांकडे बघा

प्रति,
महाराष्ट्रातील रथोत्सव समित्यांचे पदाधिकारी, देवस्थानांचे विश्वस्त आणि रथाचे मानकरी,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी जळगावहून लिहिते आहे. आमच्याकडे कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो. सद्गुरू अप्पा महाराजांनी १८७२ मध्ये सुरू केलेला हा उत्सव दीडशे वर्षांच्या पुढे गेला आहे. पण पत्र एकट्या जळगावसाठी नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या खोल गल्लीतून बालाजीचा रथ निघतो. रामनवमीनंतरच्या कामदा एकादशीला नाशकात रामरथ आणि गरुडरथ निघतात. ऋषिपंचमीला तासगावचा गणपती तीन मजली रथात बसून काशीविश्वेश्वराच्या भेटीला जातो. देवदिवाळीला म्हसवडला सिद्धनाथ-जोगेश्वरीचा, त्रिपुरारी पौर्णिमेला त्र्यंबकेश्वराचा, जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात अंबाबाईचा, मार्गशीर्षात पुसेगावला सेवागिरी महाराजांचा. पारोळ्यापासून पंढरपूरपर्यंत अशी कितीतरी नावे घेता येतील. या सगळ्या गावांच्या समित्यांकडे माझे एकच मागणे आहे. रथ कसा दिसतो याची चिंता आपण पुष्कळ केली, आता रथ कसा चालतो आणि तो चालवणारी माणसे कोण आहेत, याकडे वळा.

दरवर्षी उत्सव जवळ आला की बैठका होतात. फुलांची आरास, रोषणाई, ध्वनिव्यवस्था, स्वागताच्या कमानी, पाहुण्यांचे सत्कार, मानाचा क्रम यांवर तास तास चर्चा होते. चाकांचा विषय निघालाच तर ‘तेल-वंगण करून घ्या’ एवढ्यावर संपतो. मोगरीवाल्यांचा, म्हणजे चाकाला लाकडी ठोकळा देऊन रथ आवरणाऱ्यांचा, विषय बहुतेक वेळा निघतच नाही. ते येतातच, येणारच, असे आपण गृहीत धरतो.

ज्यांनी रथ फक्त गच्चीवरून पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडे सांगते. रथाला सुकाणू नसते. त्याची चाके आखाला बसवलेली, ती सरळच जाणार. बहुतेक जुन्या रथांना ब्रेकही नसतो. म्हणजे दोर धरलेल्या शेकडो हातांच्या ताब्यात फक्त एकच गोष्ट असते, रथ पुढे नेणे. तो थांबवणे, वळवणे, उतारावर आवरणे हे सारे चाकालगत चालणाऱ्या मोजक्या माणसांचे काम. त्यांच्या हातात मोगरी असते, म्हणजे चाकापुढे सरकवायचा लाकडी ठोकळा. रथ डावीकडे न्यायचा तर डाव्या चाकाला मोगरी द्यायची. ते चाक अडते, उजवे फिरत राहते आणि रथाचे तोंड हळूहळू डावीकडे येते. मोगरी घाईने दिली तर अख्खा रथ हिसका खातो, वर उभे असलेले पुजारी तोल सांभाळत राहतात. उशिरा दिली तर रथ समोरच्या घराच्या ओट्यावर जातो. जुन्या जळगावातल्या बोळवजा रस्त्यांवर चुकायला वीतभर जागाही नसते. आणि हे सगळे करायचे ते फिरत्या चाकापासून हातभर अंतरावर, पायाखाली फुलांचा चिखल, फोडलेल्या नारळाचे पाणी आणि मागून रेटणारी गर्दी असताना.

माझे काका मोगरी लावायचे. आता चुलतभाऊ लावतो. काकांना कोणी समोर बसवून शिकवले नव्हते. लहानपणी ते सुटलेल्या मोगऱ्या मागून उचलून पुढे आणून द्यायचे, मग एखाद्या म्हाताऱ्याच्या मागे उभे राहून बघायचे, मग कधीतरी सरळ रस्त्यावर एक मोगरी हातात मिळाली. वळणावर उभे राहायला पुढची कित्येक वर्षे लागली. ते सांगत, नवखा माणूस चाकाकडे बघतो आणि जाणता दोराकडे, कारण दोर ताणला की चाक हलायच्या आधी कळते. ही समज कुठल्याही पुस्तकात नाही. ती काकांच्या पिढीच्या अंगात होती आणि ती पिढी आता संपत आली आहे.

पोरे पुढे येत नाहीत अशी तक्रार समित्या करतात. मला ते पूर्ण खरे वाटत नाही. पोरे येतात, पण त्यांना शिकण्याचा जो लांब रस्ता होता तो बंद झाला आहे. पूर्वी हे काम करणारी घरे रथाच्या मार्गावरच राहायची. आता ती माणसे उपनगरात गेली, कोणी नोकरीसाठी पुण्याला गेले. एकादशीला सुट्टी काढून येतात आणि आल्या आल्या चाकाजवळ उभी राहतात. जी समज वर्षानुवर्षे मागे चालून यायची, ती एका सकाळी कशी येणार?

त्यात रस्ते बदलले. मातीच्या किंवा खडीच्या रस्त्यात मोगरी रुतायची आणि चाकाला धरून ठेवायची. आता सगळीकडे काँक्रीट झाले. लोखंडी धाव, म्हणजे बाहेरची पट्टी, चढवलेले चाक काँक्रीटवर सहज पळते आणि मोगरी त्याच्यापुढे घसरत जाते. रस्ता फुटा-दीड फुटाने वर आला, गटारांची झाकणे मध्येच आली, गतिरोधक आले. उतार होते त्याच्या जागी चढ झाले, चढ होते तिथे उतार. काकांच्या काळात पाठ असलेला मार्ग आज नुसता नावाने तोच राहिला आहे. रस्ता करताना रथाचा विचार करा, असे नगरपालिकेला किंवा महापालिकेला लेखी सांगणारी समिती मला अजून भेटलेली नाही. नाशिकमध्ये सिंहस्थ कुंभमेळ्याच्या निमित्ताने रस्त्यांची मोठी कामे होत आहेत. रथमार्गावरचा प्रत्येक उतार, वळण आणि झाकण मोगरीवाल्यांना सोबत घेऊन तपासून घ्यायचे असेल तर वेळ हीच आहे.

म्हणून पहिली मागणी. प्रत्येक गावाने आपल्या मोगरीवाल्यांची नोंद करावी. कोण पुढच्या चाकावर, कोण मागच्या, वळणाला कोण, उताराला कोण, हे कागदावर यावे. उत्सवाच्या आधी निदान काही दिवस रिकामा रथ थोड्या अंतरावर चालवून नव्या पोरांना जाणत्यांच्या हाताखाली शिकू द्यावे. चाकांभोवती दोरखंडाचे कडे असावे आणि त्या कड्याच्या आत मोगरीवाल्यांशिवाय कोणीही, अगदी नगरसेवक आणि आमदारसुद्धा, येऊ नये. मजबूत बूट, ठळक रंगाचा पोशाख, अपघात विमा आणि मार्गात ठरावीक ठिकाणी बदली माणसे असावीत. दिवसभर रथ चालतो आणि तीच चार-सहा माणसे चाकाला चिकटलेली असतात, हे देवालाही पटणार नाही. थांबण्याचा आणि निघण्याचा इशारा एकच असावा, शिट्टी म्हणा किंवा झेंडा म्हणा, आणि तो देणारा माणूस रथावर उंच उभा असावा. दोराच्या पुढच्या टोकाला असलेल्याला मागे काय झाले ते दिसत नाही. चाकाखाली कोणी अडखळले तरी तो ओढतच राहतो.

जाणत्या मोगरीवाल्यांशी बोलून सगळे लिहूनही ठेवा. मोगरीचे आकार किती, लाकूड कुठले, कुठल्या चौकात रथ कसा फिरवतात, कुठे दोर सैल सोडतात. आज हातात कॅमेरा नाही असा माणूस नाही, आणि तरीही रथाच्या हजारो चित्रफितींत चाकाजवळचे हे काम जवळपास कुठेच दिसत नाही. सगळे कॅमेरे वर, कळसाकडे.

आता लाकडाकडे येते. पुरीच्या जगन्नाथाचे रथ आपण सगळे दूरदर्शनवर बघतो. तिथे तीन रथ, जगन्नाथाच्या नंदिघोषाला १६ चाके, बलभद्राच्या तालध्वजाला १४ आणि सुभद्रेच्या दर्पदलनाला १२, अशी एकूण ४२ चाके दरवर्षी नवीन बनतात. अक्षय्य तृतीयेला काम सुरू होते आणि आषाढ शुद्ध द्वितीयेच्या आत रथ उभे राहतात. पिढीजात सुतार परंपरेने ठरलेल्या मापांनी ते घडवतात. लोकांना यात खर्च दिसतो, लाकडाची नासाडी दिसते. मला त्यात एक शहाणपण दिसते. दरवर्षी नवा रथ करावा लागत असल्यामुळे रथ करणारे हात तिथे कधीच रिकामे पडले नाहीत. बापाने केलेले चाक बघत बघत मुलगा चाक करायला शिकतो.

आपल्याकडे उलट आहे. आपले रथ टिकाऊ. त्र्यंबकेश्वरचा विंचूरकरांनी दिलेला रथ घ्या, ज्यावर सारथी म्हणून ब्रह्मदेवाची मूर्ती बसवतात, किंवा नाशिकचा रास्ते सरदारांच्या नावाने ओळखला जाणारा रामरथ घ्या. शंभर-दोनशे वर्षे जुन्या परंपरेच्या या वस्तू आपण जपल्या, याचा अभिमान आहेच. पण रथ टिकला आणि तो दुरुस्त करणारा सुतार गेला. तुंबा (चाकाचा मधला गाभा), आरे (त्यातून निघणारे दांडे), पाटे (घेराचे लाकडी तुकडे), धाव हे शब्द ज्यांच्या रोजच्या बोलण्यात होते ते कारागीर बैलगाड्यांबरोबर गावातून नाहीसे झाले. आता चाक कुरकुरले तर फर्निचरवाल्याला बोलावतात. तो बिचारा वरून पॉलिश करून देतो. तुंब्यात आतून कीड लागली आहे का, आरा सैल झाला आहे का, धाव तापवून चढवताना बरोबर बसली का, हे त्याला कसे कळावे?

तमिळनाडूत तिरुवारूरचा त्यागराजस्वामींचा रथ सजवल्यावर ९६ फूट उंच होतो. त्याला आणि तिथल्या इतर काही मोठ्या रथांना तिरुचिरापल्लीच्या भारत हेवी इलेक्ट्रिकल्स (भेल) कारखान्याने पोलादी चाके व आख करून दिले, तिरुवारूरला हायड्रॉलिक ब्रेक बसवले. दोर अजूनही माणसेच ओढतात, चाकाखाली ठोकळे अजूनही माणसेच देतात. परंपरा तशीच राहिली, फक्त जीव जाण्याची शक्यता कमी झाली. आपल्याकडे नाशिक, पुणे, कोल्हापूर, जळगाव इथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, कारखाने आहेत. दर तीन-चार वर्षांनी रथाची शास्त्रशुद्ध तपासणी व्हावी, तिचा अहवाल मंदिराच्या फलकावर लागावा. यासाठी मोठा निधी लागत नाही. एका रात्रीच्या रोषणाईच्या खर्चात ते बसेल. कीड लागलेला भाग बदलावा लागला तर रथाचे पावित्र्य कमी होत नाही. जगन्नाथाचा तर संपूर्ण रथच दरवर्षी नवा असतो आणि त्याच्या पावित्र्याबद्दल कोणी शंका घेत नाही.

विजेच्या तारांचे मात्र थांबून चालणार नाही, कारण तिथे चूक एकदाच होते. २७ एप्रिल २०२२ रोजी तंजावर जिल्ह्यात कळिमेडू गावात रथ वळण घेताना उच्च दाबाच्या तारेला लागला आणि ११ जण गेले, त्यांत मुले होती. २८ जून २०२३ रोजी त्रिपुरातील कुमारघाटला परतीच्या रथयात्रेत लोखंडी रथ तारेला लागून माणसे होरपळली. ऑगस्ट २०२५ मध्ये हैदराबादच्या रामंतापूरमध्ये गोकुळाष्टमीच्या मिरवणुकीत पाच जण दगावले. तिन्ही ठिकाणी रथ आणि विजेची तार एकमेकांना भिडली. आपल्याकडे महावितरण मार्गावरचा वीजपुरवठा बंद करते, ही चांगली गोष्ट आहे. पण दरवर्षी कळसावर नवी सजावट चढते, लोखंडी कमानी चढतात, रस्ता वर येतो, आणि तार तिथेच लोंबते. एखाद्या गल्लीतला पुरवठा जनरेटरने किंवा चुकून सुरू राहिला तर? रथमार्गावरच्या तारा जमिनीखालून नेण्याचा प्रस्ताव प्रत्येक समितीने लेखी द्यावा आणि तो मंजूर होईपर्यंत पाठ सोडू नये. सजावटीसकट रथाची कमाल उंची ठरवून द्यावी. त्या उंचीची एक काठी घेऊन आदल्या दिवशी अख्खा मार्ग चालावा. सजावट करणारा मंडपवाला कितीही मोठा असो, ती उंची ओलांडू देऊ नये.

गर्दीचेही तसेच. २०२५ च्या २९ जूनला पुरीत गुंडिचा मंदिराजवळ पहाटे चेंगराचेंगरी होऊन तीन भाविक गेले. ज्या ठिकाणी शेकडो वर्षांचा अनुभव आहे, सरकारी यंत्रणा आहे, तिथे हे झाले. आपल्याकडे चौकात रथ थांबला की आरतीसाठी चारी बाजूंनी लोक आत घुसतात. बाहेर पडायची एक गल्ली मोकळी ठेवा, तिथे प्रसादाचा स्टॉल लावू नका.

यानंतर जे लिहायचे आहे ते माझ्या मते या सगळ्याच्या मुळाशी आहे. दोर कोणाचा?

नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला, हे शाळेत सगळे वाचतात. पण त्या सत्याग्रहाच्या इतिहासात रथाचे एक पान आहे, ते फारसे सांगितले जात नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रथयात्रेच्या दिवशी सवर्ण आणि अस्पृश्य मानलेले अशा दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून रथ ओढावा अशी तडजोड ठरली होती. सत्याग्रही ठरल्याप्रमाणे आले. त्यांचा हात दोराला लागायच्या आत रथ पळवून नेण्यात आला, त्यांच्यावर हल्ला झाला, दगडफेक झाली. देवळाचे दार बंद असणे एक, आणि रस्त्यावर सगळ्यांसाठी बाहेर आलेल्या देवाला सुद्धा हात लावू न देणे दुसरे. मला हे दुसरे अधिक लागते. कारण रथाचा सगळा अर्थच तो आहे. वर्षभर जो देव गाभाऱ्यात असतो, ज्याच्यापर्यंत वृद्ध, आजारी, बाहेरचे, नाकारलेले पोचू शकत नाहीत, तो एक दिवस स्वतः उठून त्यांच्या दारात येतो. त्या दिवशीही दाराशी उभ्या माणसाला मागे ढकलायचे असेल तर रथ बाहेर काढायचा कशाला?

कायदा पुढे बदलला. १९५६ मध्ये मुंबई राज्याने सार्वजनिक पूजास्थानांत सर्व हिंदूंना प्रवेशाचा अधिकार देणारा कायदा केला. पण दोराचा प्रश्न कायद्याने आपोआप सुटत नाही. तमिळनाडूत शिवगंगा जिल्ह्यातल्या कंडदेवीचा रथ दलितांच्या दोर धरण्याच्या हक्कावरून वर्षानुवर्षे वादात आणि नंतर बंद राहिला, तो न्यायालयाच्या लक्षाखाली २०२४ मध्ये पुन्हा निघाला. आपल्याकडे इतके उघड कोणी करत नाही. आपल्याकडे ‘मान’ हा शब्द वापरतात. या घराचा मान, त्या आळीचा मान, या समाजाचा मान.

मानाच्या विरुद्ध मी नाही. उलट मानामुळेच कित्येक गावांत रथ टिकला. ज्या घराकडे मशालीचा मान आहे ते घर काहीही झाले तरी मशाल घेऊन हजर राहते. नाशिकला रथापुढे रथाकडे तोंड करून उलट चालत जाणारे मानकरी बुवा बघितले की पिढ्यान्‌पिढ्यांची शिस्त काय असते ते कळते. रथ सांभाळणारी तालमी-व्यायामशाळांची पोरे बघितली की अंगावर काटा येतो. मान म्हणजे जबाबदारी असेल तर तो शंभर वर्षे आणखी चालावा. पण मान म्हणजे दुसऱ्याला अडवण्याचा परवाना होऊ लागला तर समितीने मध्ये पडायलाच हवे. मोगरी शिकलेल्यांच्याच हातात राहावी, तिथे वशिला नको आणि हौसही नको. दोर मात्र गावाचा. दोर लांब करा. मार्गाचे टप्पे पाडा आणि प्रत्येक टप्प्यात त्या त्या वस्तीला दोर धरायला बोलावून घ्या, जिथे रथ कधीच जात नाही अशा वस्तीलाही. नुसती दवंडी पुरत नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या बाजूला उभे केले, ते एका दवंडीवर पुढे येत नाहीत. समितीच्या अध्यक्षांनी त्यांच्या दारात जावे.

बायकांचेही सांगते. आम्ही रथाची वाट झाडतो, सडा घालतो, रांगोळ्या काढतो, औक्षणाची ताटे घेऊन तासन्‌तास उभ्या राहतो. दोराला हात लावू का म्हटले की ‘गर्दी आहे, बाजूला व्हा’. गर्दी आहे हे खरे, आणि त्यावर उपायही साधा आहे. एक टप्पा फक्त बायकांचा ठेवा. पुरीत बायका दोर ओढतात आणि जगन्नाथ काही रागावलेला नाही.

आमच्या जळगावच्या रथाची एक गोष्ट मला सगळ्या महाराष्ट्राला सांगावीशी वाटते. रथ भिलपुऱ्यात आला की लालशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबतो, तिथे चादर चढवली जाते आणि मग पुढे जातो. ही अलीकडची सोय नाही, उत्सवाचाच भाग आहे. पुरीतही जगन्नाथाचा रथ सालबेग या मुस्लिम भक्तकवीच्या समाधीपाशी थांबतो. आजूबाजूचे वातावरण कसेही असो, हा थांबा आमच्या समितीने आजवर राखला, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पुढेही कोणाच्या दडपणाखाली तो गाळू नका, उरकूही नका.

काही छोट्या गोष्टी. डीजे रथाच्या जवळ नको. मोगरीवाल्यांना शिट्टी ऐकू आली पाहिजे, एवढे एक कारण पुरेसे आहे. जिथे बैल किंवा हत्ती मिरवणुकीत असतात तिथे तर मुळीच नको. २०२५ च्या अहमदाबादच्या रथयात्रेत हत्ती बिथरून गर्दीत घुसल्याचे सगळ्या देशाने पाहिले. नोटांच्या माळा घालायच्या असतील तर भाविकांची भावना मी समजू शकते, पण नोटा टाचू नका, शिवू नका, आणि जमलेल्या रकमेतला एक ठरावीक हिस्सा रथाच्या दुरुस्तीला आणि मोगरीवाल्यांच्या विम्याला जाहीरपणे लावा. रथाला ट्रॅक्टर जोडण्याचा विचार काही ठिकाणी बोलला जातो, माणसे कमी पडतात म्हणून. कृपा करून तो करू नका. माणसे कमी पडत असतील तर मार्ग कमी करा, चार ठिकाणी कमी थांबा. ट्रॅक्टरला मागच्या चाकाखाली काय आले ते कळत नाही. माणसांच्या दोराला निदान आरोळी ऐकू येते.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगते. दसऱ्याच्या आधी आणि कार्तिकी एकादशीच्या आधी बहुतेक समित्यांची मुख्य बैठक होते. त्या बैठकीचा पहिला विषय मोगरीवाले आणि चाके असू द्या, रोषणाई नंतर घ्या. मोगरीवाल्यांना त्या बैठकीला बोलवा, खुर्ची द्या, त्यांचे ऐका. त्यांच्यापैकी निदान दोघांना समितीत कायमची जागा द्या.

आणि एकमेकांच्या रथाला माणसे पाठवा. तासगावचा तीन मजली रथ वळणावर कसा आवरतात हे धुळ्याच्या पोरांनी जाऊन बघावे. म्हसवडच्या मंडळींनी जळगावला यावे, आम्ही त्यांना चाकाजवळच्या कड्यात उभे करू. नाशिकच्या तालमींनी त्र्यंबकला जावे. जाण्यायेण्याचा खर्च पाठवणाऱ्या समितीने करावा, राहण्या-जेवणाचा बोलावणाऱ्या गावाने. येत्या कार्तिकीला बाहेरगावच्या चार-सहा मोगरीवाल्यांची सोय आमच्या घरी होईल, माझा चुलतभाऊ त्यांना आदल्या दिवशी मार्ग पायी दाखवील. ज्या समितीला माणसे पाठवायची असतील तिने आमच्या जळगावच्या समितीशी दिवाळीच्या आत बोलून घ्यावे.

आपली,
मोगरीवाल्यांच्या घरातली एक लेक
जळगाव